‘मना काय येतंय?’

मागच्या उन्हाळ्यात शिरवण्याच्या गावठाणात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी लग्न होतं. मांडवात डीजेचे खोके यायचे होते, पोरांची वायरी जोडायची गडबड चालली होती. आतल्या खोलीत धवलारीण आजी बसल्या होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आगरी-कोळ्यांच्या लग्नात विधीविधीला म्हणायची गाणी असतात, ते धवले, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. हळदीपासून नवरी निघेपर्यंत कोणत्या वेळी काय म्हणायचं, कुठल्या देवाला आधी बोलवायचं, घरातल्या कोणाचं नाव कुठे गुंफायचं, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. वही नाही, पोथी नाही.

आजींनी दोन-अडीच तास म्हटलं. मध्ये चहा, मध्ये पान. बरोबर सूर धरायला दोघीजणी होत्या. त्यांतली एक तरुण सून एका ठिकाणी पुढची ओळ आधीच उचलायला लागली. आजींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता हात वर केला. सून थांबली. आजींनी मागची ओळ पुन्हा घेतली, गाणं जागेवर आणलं आणि मग हात खाली घेतला.

सगळं झाल्यावर मी म्हटलं, “आजी, हे उतरवून घेऊ या का? आपल्या अंकात छापू.” त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “मना काय येतंय गो बाय?”

आम्ही सगळ्या हसलो. “बघा, कसा मोठेपणा नाही बाईंना!” असं कुणीतरी म्हणालं, मीही मान डोलावली. घरी येताना जुईनगर स्टेशनाच्या पुलावर मात्र तो वर केलेला हात आठवायला लागला. जिला काही येत नाही ती बाई दुसरीला इतक्या खात्रीने थांबवत नाही. आजींना स्वतःचं मोल पक्कं ठाऊक होतं. मग मला उत्तर देताना ते कुठे गेलं?

मला वाटतं, त्यांनी उत्तर दिलं ते मी विचारलेल्या प्रश्नाला नव्हतंच. पर्समध्ये पेन घेऊन आलेली, शिकलेली बाई छापण्याची गोष्ट करते, म्हणजे ती आपली शाळा विचारत असणार. त्या शाळेत मला काय येतंय? उत्तर बरोबर होतं, मोजायचं माप चुकीचं होतं. ते माप माझ्याबरोबर खोलीत आलं होतं. आणि हे माप देणाऱ्या आपण कोण? पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवलं तेव्हा आपण केवढं कौतुक केलं! करायलाच हवं होतं. पण इथे खाडीकाठच्या गावांत लग्नं लावताना बायका पिढ्यान्‌पिढ्या गात आल्या, त्यांना आपण ‘लोकगीत’ म्हणून शेवटच्या पानावर चौकटीत टाकलं. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने धवळे रचले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. शिरवण्याच्या आतल्या खोलीत चाललं होतं ते त्याच नावाचं आणि लग्नाच्याच कामाचं गाणं.

‘मला कुठं काय येतं’ हे वाक्य आपल्याला लहानपणापासून पाठ करून घेतलेलं असतं. मुलगी जरा स्वतःबद्दल बरं बोलली की म्हणी तयारच. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली. उथळ पाण्याला खळखळाट फार. आपली पाठ आपणच थोपटून घेते. या म्हणी पुरुषांनाही लागू आहेत म्हणा, पण आमच्या घरात तरी मी त्या भावाला उद्देशून ऐकल्याचं आठवत नाही. नम्रपणा हा गुण आहे असं मानून आपण हे वाक्य चालवून घेतो. त्याची किंमत किती पडते ते शिरवण्यात बसून मोजता येतं, तेही गुंठ्यांत.

१९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, भातशेती गेली, मिठागरं गेली. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं मेली. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. प्लॉटांचे कागद व्हायला लागले तशी आमच्या गटातल्या बायकांना माहेरची बोलावणी आली. वाटणी घ्यायला नव्हे, हक्कसोडपत्रावर सही करायला. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि सगळ्या देशात २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क आहे. बायका सही करून परत आल्या की आम्ही विचारायचो, काय लिहिलं होतं कागदावर? उत्तर एकच. “मला काय कळतंय त्यातलं? दादा बघतो.” यांतल्या दोघी भिशीचा हिशेब तोंडी ठेवायच्या, वीस-वीस बायकांचा, आणि त्यात एक रुपया चुकायचा नाही.

भावाचं तोंड वाईट होऊ नये, माहेर तुटू नये हे खरं कारण असतं, ते मी नाकारत नाही. माझ्या डोक्यात राहतं ते निराळं आहे. ‘मला माहेर हवंय म्हणून मी सही केली’ असं एकीनेही सांगितलं नाही. तो तिचा निर्णय झाला असता. ‘मला कळत नाही’ असं सांगितलं. आपल्या अकलेवर खोटी सही केली आणि तीही कुणी मागितली नसताना.

ताराबाई शिंद्यांची आठवण येते ती अशा वेळी. १८८२ साली बुलढाण्याच्या या बाईने ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापून घेतलं. सुरुवातीला त्या आपल्याबद्दल सांगतात ते असं, की मी घरात कोंडलेली, अक्कल नसलेली बाई आहे आणि हा माझा लिहिण्याचा पहिलाच प्रयत्न आहे. आणि मग पुढच्या पानांवर एकेका पुरुषी दाव्याची जी काही हजेरी घेतात! ग्रंथाच्या आरंभी आपलं अज्ञान सांगायची रीत जुनीच आहे. कालिदासाने ती पाळली, ज्ञानेश्वरांनी पाळली. फरक एवढाच की त्यांचं ते बोलणं कुणी खरं मानलं नाही, आणि बाईचं मानतात. १८८५ साली ‘सत्सार’मध्ये जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यांचं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही, आणि हे एक पुन्हा लोकांसमोर यायला १९७५ साल उजाडावं लागलं, स. गं. मालशे यांनी ते छापलं तेव्हा.

इथवर वाचून मैत्रिणी म्हणतील, मग सोपं आहे, बायकांना धीर द्या, पाठ थोपटा, झालं. आम्हीही तेच केलं. त्याचं काय झालं ते आता सांगायला हवं, जरा लाज वाटते तरी.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या बचतगटाच्या बैठकीला एक मैत्रीण घरून बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी घेऊन आली. मसाला तिचा स्वतःचा, दरवर्षी मे महिन्यात करायची तो. कालवण अप्रतिम होतं यात शंकाच नाही. आम्ही बोटं चाटली. “तुझ्या हाताला तोड नाही!” “तू धंदाच काढ.” “सगळ्या नवी मुंबईला पुरवशील.” टाळ्या झाल्या. त्याच बैठकीत तिला तीस हजारांचं कर्ज मंजूर झालं. ठराव मीच लिहिला.

ती घरासाठी सहा-सात किलो मिरचीचा मसाला करायची. आता तिने साठ किलो मिरची आणली. एवढी मिरची वाळवायला गच्ची पुरेना, म्हणून पाळीपाळीने वाळवली. त्यात मे अखेरीला आभाळ आलं. शेवटची खेप सादळलेलीच डंखावर गेली. कुटून आलेला मसाला गार व्हायच्या आधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला, कारण आम्हीच मागे लागलो होतो की पावसाच्या आधी विक्री सुरू व्हायला हवी. श्रावणात पिशव्या उघडल्या तर गुठळ्या आणि बुरशी. अर्ध्याहून जास्त माल टाकून द्यावा लागला. उरलेला विकला तो शेजारणींच्या भिडेखातर, पडेल भावात. तिने हप्ते फेडले ते दोन वर्षं लोकांकडे भाकऱ्या भाजून.

एकदा हप्ता द्यायला आली असताना ती म्हणाली, “ताई, तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. एकीनं तरी विचारायचं होतं, एवढा कधी केलायस का म्हणून.”

यावर मला काही बोलता आलं नाही. आजही बोलता येणार नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण माझ्या भाचीने एका ताटलीभर कालवणाच्या जोरावर तीस हजार कर्ज काढायचं म्हटलं असतं तर मी तिला दहा प्रश्न विचारले असते. कुठे ठेवणार, कोण घेणार, किती दिवस टिकतो, तुझ्या मजुरीचे पैसे धरलेस का? मैत्रिणीला मी ते विचारले नाहीत. का? ती नाउमेद होईल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे गावातल्या बाईला प्रश्न विचारले की आपण वरून बोलतोय असं दिसेल, याची मला भीती होती. माझं दिसणं मी सांभाळलं आणि मसाला तिचा सडला.

आमच्या गटातली एक तरुण कार्यकर्ती या मताशी अजिबात सहमत नाही. तिचं म्हणणं, बाईला जन्मभर ‘तुला जमणार नाही’ हेच ऐकवलेलं असतं. ते काम घर करतं, गाव करतं, आपण पुन्हा तेच कशाला करायचं? आपण फक्त हिंमत द्यावी, जगातले टक्केटोणपे तिला शिकवतीलच. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. १९९५ मध्ये नवी मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली तेव्हा बायकांच्या राखीव जागांवरून जे बोललं गेलं ते मी कानांनी ऐकलं आहे. ‘तिला काय कळतंय’ हे प्रत्येक उमेदवार बाईबद्दल. पुरुष उमेदवाराला गटारीच्या उताराचं काय कळतं हे कुणी विचारत नव्हतं. तेव्हा ज्या बायका ‘नको गं, मला नाही जमायचं’ म्हणत होत्या त्यांना आम्ही ढकलत होतो ते योग्यच होतं. आज ढकलायचं झालं तरी ढकलीन.

पण टक्केटोणपे कुणाच्या खर्चाने खायचे, हा प्रश्न उरतोच. पगारदार बाईचा एक प्रयोग फसला तर आठवण राहते. हातावर पोट असलेल्या बाईचा फसला तर पोरीची फी राहते.

त्या तरुण मैत्रिणीने मला दोन इंग्रजी लेखही वाचायला दिले. एक १९७८ चा, पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आयम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बायकांचा. दीडशेहून अधिक यशस्वी बायकांबरोबर काम करताना त्यांना दिसलं, की एवढं मिळवूनही यांना आतून वाटतं, आपण लोकांना फसवतोय, एक दिवस पकडल्या जाऊ. दुसरा १९९९ चा, क्रूगर आणि डनिंग या दोघांचा. त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्या, तर ज्यांना सर्वांत कमी मार्क पडले तेच स्वतःला सरासरीहून बरेच वर समजत होते. वाचून मी म्हटलं, दुसऱ्या लेखातली बाई मीच.

चेष्टा नाही. शिरवण्यात काम सुरू केलं तेव्हा मी एम.ए. होते, सरकारी कागद वाचता येतात याचा मला अभिमान होता. एका ओट्यावर बायकांना जमवून मी साडेबारा टक्के योजना समजावून सांगत होते. एकराचे चाळीस गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे, तर एकरामागे पाच गुंठे तुमचे. फळ्यावर लिहिलंसुद्धा. कडेला एक म्हातारी जवळा निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “पाच नाय. साडेतीन.” मी तिला समजावायला लागले! तेव्हा तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि मला समजावलं. साडेबारातले पावणेचार सार्वजनिक सोयींसाठी कापून घेतात, हातात पावणेनऊ येतात. चाळीस गुंठ्यांचे साडेतीन. तिने ऑफिसच्या खेपा घालून शिकलेलं होतं ते. मी फळा पुसला. गंमत म्हणजे त्या दिवशी मी यायच्या आधी तिलाही कुणी विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, मला काय कळतंय.

नुसतं कौतुक करणं आणि खरोखर पाहणं यांत फरक आहे, आणि दुसऱ्याला वेळ लागतो. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून वह्या लिहीत होत्या. वीसेक वर्षं ते लिखाण लपलेलं राहिलं. मॅक्सिन बर्नसन यांनी त्या वह्या मागितल्या, वाचल्या, आणि १९८२ पासून ते ‘स्त्री’ मासिकात आलं. १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की कुणीतरी बसून वह्या वाचल्या. आपल्या अंकाकडे कविता येतात, आपण ‘छान, लिहीत राहा’ असं पोस्टकार्ड टाकायचो, आता तेच मोबाईलवर पाठवतो. त्या बाईची तिसरी ओळ का अडखळते ते सांगायला तिसऱ्या ओळीपर्यंत वाचावं लागतं. मी स्वतः कितीदा वाचलं? सगळ्या कविता नाही वाचल्या, कबूल करते.

मसाल्याच्या मैत्रिणीचं पुढचं सांगायचं राहिलं. चार वर्षांनी ती परत बैठकीला आली. बरोबर काचेच्या तीन बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. एक तीन महिन्यांची, एक सहा महिन्यांची, एक वर्षाची. म्हणाली, “चाखू नका. आधी वास घ्या, मग चिमटीत धरून बघा.” मग तिने एक वही उघडली. मिरची किती, वाळून किती उरली, खडा मसाला केवढ्याचा, डंखाचे पैसे, आणि शेवटी एक रकाना, ‘माझे दिवस’. आम्ही या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. दीड तास प्रश्न विचारले. काहींवर ती अडली, काहींवर तिने आम्हाला अडवलं. मी विचारलं की वीस किलो का करत नाहीस, तर म्हणाली, “दहा किलोपर्यंत माझा हात आहे. त्याच्या पुढचं मला माहीत नाही. पुढच्या वर्षी पंधरा करून बघीन.”

गटाने तिला आठ हजार दिले. तिने तेवढेच मागितले होते.

आणि आजी? त्यांच्याकडे मी पुन्हा गेले, या वेळी ‘छापू’ म्हटलं नाही. विचारलं, तुम्हाला कोणते धवले पुरे येतात आणि कोणते अर्धे? लगेच बोटं मोजायला लागल्या. एवढे पुरे, हे दोन अर्धे, त्यांचा शेवट त्यांच्या आईला यायचा, आणि एक शेजारच्या गावातल्या बाईचा, तो आपल्यापेक्षा ती बरा म्हणते. ‘मना काय येतंय’ एकदाही आलं नाही. तीन-चार महिने नातीने मोबाईलवर धरून ठेवलं, मी वहीत उतरवलं, वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनी तोच हात वर केला. तिथे मला नीट ऐकू आलं नव्हतं आणि मी अंदाजाने शब्द घातले होते.

वहीवर नाव काय घालायचं असं विचारलं तर म्हणाल्या, नाव नको. मी आग्रह केला नाही. चार दिवसांनी नातीकडून निरोप आला. नाव घाल म्हणाल्या आहेत, पण वर आईचं घाल, खाली माझं.

वहीच्या दोन प्रती काढल्या आहेत, एक आजींच्या घरी, एक गटाच्या कपाटात. तीन गाणी अजून उतरायची राहिली आहेत. ती त्या लग्नघराशिवाय म्हणत नाहीत, त्यामुळे पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं आहे.